बाबाचा वाढदिवस

"उडवायचं म्हणजे नक्की कुणाला उडवायचं?" चहाचा ट्रे हातात तसाच धरून उम्म रियाद दारातच थांबली.

अबू सुहैबनं माऊसवरचा हात उचलला. "कुणाला नाही हो, उम्म रियाद. खातं उडवायचंय. कॉम्प्युटरमधलं खातं."

"मला वाचता येतं. 'बाबा' लिहिलंय तिथं."

"हो, बाबाचंच खातं."

"म्हणजे माझ्या नवऱ्याला उडवताय!"

"अल्ला त्याच्यावर दया करो," कोचावरनं अम्तो नज्हा म्हणाली आणि सूर्यफुलाची आणखी एक बी दाताखाली धरली. भाऊ जाऊन चौदा महिने झाले होते, पण त्याचा नुसता उल्लेख जरी झाला तरी तिच्या तोंडून हे बाहेर पडायचंच. मग तोंडात बी असो नाहीतर घास.

"यम्मा, तू ट्रे ठेव आणि जा," जुमान म्हणाली.

"मी का जाऊ, यम्मा? माझं घर आहे."

पहिली 'यम्मा' लेकीनं आईला म्हटलेली, दुसरी आईनं लेकीला. इरबिदमध्ये हे असंच. हाक मारणारा आपलंच नातं समोरच्याच्या गळ्यात घालतो. आई पोरीला 'यम्मा' म्हणते, आत्या भाचीला 'अम्तो' म्हणते, आणि पोरीबाळी मुकाट ऐकून घेतात. जुमान सोडून. पण जुमान काहीच मुकाट ऐकत नाही.

आज तर तिचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. छापखानेवाल्या हिकमतनं काल तिला एक पेनड्राइव्ह दिला होता. त्यात लग्नपत्रिका करायचा प्रोग्राम, एक नवरा, एक नवरी आणि हॉलचा पत्ता. "उद्या दिवस मावळता मगरिबची बांग होईपर्यंत एक पत्रिका करून दाखव," तो म्हणाला होता. "नवरीची आई म्हणते, गावात कुणाच्या पत्रिकेवर नसेल असं अक्षर पाहिजे. तीन नमुने नाकारलेत बाईनं. जमलं तुला, तर परवापासून माझ्याकडं बस. नाही जमलं तर तू तुझ्या घरी, मी माझ्या."

शाळा सोडून अडीच वर्षं झाली होती. तेवढ्या काळात जुमाननं मिठाईच्या दुकानात बारा दिवस काढले आणि पार्लरमध्ये तीन आठवडे. दोन्हीकडनं भांडून निघाली. दोन्हीकडं चूक मालकाचीच होती, असं तिचं मत. पण पत्रिकेचं काम ऐकल्यावर तिचे हात शिवशिवायला लागले, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घरी येऊन तिनं पेनड्राइव्ह लावला, प्रोग्राम सुरू करायला गेली, तर कॉम्प्युटर म्हणाला, मसऊलची परवानगी लागेल.

मसऊल म्हणजे कारभारी. कॉम्प्युटरवर खाती दोन. एकाचं नाव 'घर', ते सगळ्यांचं. आई त्याच्यावर मालिका बघायची, कुणीही यावं, बसावं. दुसरं 'बाबा'. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'मसऊल' आणि वर कुलूप. पासवर्ड चुकला की खाली एक ओळ यायची, विसरलेल्याला आठवण म्हणून ठेवलेली: बाबाचा वाढदिवस.

हे कुलूप कधी लागलं ते जुमानला पक्कं ठाऊक होतं. तिनं अकरावीतनं येऊन दप्तर फ्रीजवर फेकलं आणि "उद्यापासून मी जाणार नाही" म्हणाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. वडील ओरडले असते तर तिनंही ओरडून घेतलं असतं, हिशेब मिटला असता. ते ओरडले नाहीत. चहा संपवला, पेला विसळला, पालथा घातला. आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला कुलूप.

"हे बघ पोरी," अबू सुहैब तिला समजावत होता. तो तीनशे घरांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि प्रत्येक घरचा चहा कसा असतो ते त्याच्या लक्षात असायचं. "प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक गुप्त कारभारी झोपलेला असतो. त्याला मी उठवलाय. आता मी 'घर'ला मसऊल करतो, तुझा प्रोग्राम चालेल, काम फत्ते. 'बाबा'ला राहू दे की बिचाऱ्याला एका कोपऱ्यात."

"अल्ला त्याच्यावर—"

"नको," जुमान म्हणाली. "उडवा."

"अगं पण का?"

"रोज कॉम्प्युटर लावला की ते कुलूप तोंडावर येतं म्हणून. मला बाहेर ठेवलं ना त्यांनी? शाळेत जात नाहीस ना, मग बस बाहेर. आता मी त्यांना बाहेर ठेवते."

"जीभ आवर!" आईनं ट्रे टेबलावर आपटला. पेल्यातला चहा हिंदकळला, त्यातली मरमिय्याची सुवासिक पानं काठाला चिकटली.

अबू सुहैबनं दोघींकडं बघितलं आणि गुपचूप स्वतःचा पेला उचलून घेतला. भांडणात पहिल्यांदा चहा सांडतो, हा त्याचा अनुभव. "मी आपला कॉम्प्युटर काय म्हणतो ते सांगतो," तो म्हणाला. "तो विचारतोय, फायलींसकट उडवू, की फायली काढून ठेवू? पण एक गोष्ट आहे. आत एक कपाट आहे. फोल्डर. त्याला तुझ्या बापानं, अबू रियादनं, वेगळं कुलूप घातलंय. बाहेरच्या फायली मला काढून ठेवता येतील, कपाट नाही. खातं गेलं की कपाटही गेलं."

"मग पासवर्ड बदला ना तुम्ही," आई म्हणाली. "एवढं शिकलात."

"बाहेरनं पासवर्ड बदलला तरी ते कपाट कायमचं मिटतं. त्याला मूळचाच पाहिजे."

"काय आहे त्या कपाटात?"

"दिसत नाही. पण रिकामं नाही एवढं दिसतंय."

अम्तो नज्हानं आणखी एक बी फोडली. आईनं डोक्यावरच्या रुमालाची कड पदरासारखी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "असं करा. उघडून बघू. काय आहे ते बघू आणि मग हिला काय उडवायचं ते उडवू दे. न बघता नाही."

"आणि नाही उघडलं तर?" जुमाननं विचारलं.

"नाही उघडलं तर उडव. मी आडवी येणार नाही. वल्लाह."

"तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाली की मला उठायचंय," अबू सुहैब म्हणाला. "दातांच्या डॉक्टरचा कॉम्प्युटर बंद पडलाय. तिकडं माणसं तोंड उघडून बसलीत."

असरला पाऊण तास होता.

"त्यात काय अवघड आहे?" आई म्हणाली. "वाढदिवस तर टाकायचाय. टाका."

"कुठला?"

आईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं, दातांच्या डॉक्टरकडं गेल्यासारखं.

ओळखपत्र निघालं. त्यावर एक जानेवारी. जुमाननं ते अडीच वर्षांपूर्वीच टाकून बघितलं होतं. आणि एक जानेवारी ही काय खरी तारीख असते? त्या काळी पोराला नोंदवायला बाप दोन-तीन वर्षांनी उगवायचा, कारकून विचारायचा कधी झाला, बाप म्हणायचा झाला असेल कधीतरी, आणि कारकून एक जानेवारी ठोकून मोकळा. अर्धं इरबिद एक जानेवारीला जन्मलंय.

"माझीही एक जानेवारीच आहे," आई म्हणाली. "ते म्हणायचे, बघ, आपले ग्रह कसे जुळले!" आणि ती एकटीच हसली.

ओळखपत्रावरचा फोटो सगळ्यांनी एकदा हातात घेऊन बघितला. जमीन नोंदणी कचेरीतला कारकून फव्वाज मिफ्लेह, उर्फ पोराच्या नावावरनं अबू रियाद, रियादचा बाप. अक्षर असं, की लोक खरेदीखत हातात आल्यावर आधी अक्षराला माशाअल्ला म्हणायचे आणि मग जमीन किती ते बघायचे. पुढं कचेरीत कॉम्प्युटर आले, खतं छापून यायला लागली, आणि अबू रियादला शिक्के मारायच्या टेबलावर बसवलं. त्यानं घरी एक जुना कॉम्प्युटर विकत आणला आणि पन्नाशीत एका बोटानं टाईप करायला शिकला. दुसरं बोट त्यानं शेवटपर्यंत वापरलं नाही.

"ऑलिव्हच्या दिवसांत झाला तो," अम्तो नज्हा अचानक म्हणाली. "मी सांगते ना. मी सात वर्षांची होते. घाण्यावरनं पहिलं तेल आलेलं, आईनं त्यात बोट बुडवून त्याच्या ओठाला लावलं. मी तिथंच उभी होते."

"बर्फात झाले," आई म्हणाली.

"काय?"

"बर्फात. सासूबाईंनी मला स्वतः सांगितलंय. सुईण आली तर तिचा एक बूट बर्फात रुतून बसला, ती एका बुटावर आत आली."

"तो बूट माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळचा!"

"यांच्याच वेळचा!"

"माझा भाऊ कधी झाला ते मला माहीत की तुला?"

"माझा नवरा मला माहीत की तुम्हाला?"

"तू त्याला पंचवीस वर्षांचा झाल्यावर बघितलास! मी त्याचे लंगोट धुतलेत!"

अबू सुहैबनं दुसरा पेला भरून घेतला आणि खुर्ची थोडी मागं सरकवली. असा खेळ फुकट बघायला मिळत नाही. "आपण आधी ऑलिव्ह बघू," तो न्यायाधीशासारखा म्हणाला. "मग बर्फ."

तर ऑलिव्ह सुरू झाला. एक नोव्हेंबर, दोन नोव्हेंबर, तीन. जुमान आकडे टाकायची, कॉम्प्युटर नाही म्हणायचा, आणि खाली ती ओळ यायची, बाबाचा वाढदिवस. पाच-सहा चुका झाल्या की कॉम्प्युटर रुसून बसायचा आणि मग परत ऐकायला लागायचा. तेवढ्यात दोघी नणंद-भावजया पुन्हा बुटावर यायच्या.

अकरा नोव्हेंबरला शारजाहून रियादचा फोन आला. आईनं फोन साखरदाणीला टेकवून उभा केला, आणि जुमानच्या भावाचं कपाळ तेवढं दिसायला लागलं.

"१२३४ टाकून बघितलं का?"

"नाही, आम्ही इथं गाढवं बसलोय," जुमान म्हणाली.

"मग उडवून टाक. नवीन कॉम्प्युटर पाठवतो मी तुला."

"गेल्या ईदला पण पाठवणार होतास."

"यम्मा, बघ कशी बोलते ही!"

"तू सांग, यम्मा, तुझे वडील बर्फातले की ऑलिव्हमधले?" आईनं विचारलं.

कपाळावर आठी पडली. "माहीत नाही," रियाद म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला केक आणायचे. त्यांचा कधी..." मग लाईन तुटली, किंवा त्यानं तोडली.

ऑलिव्ह संपला. बर्फ निम्मा संपला. वर्ष एकानं मागं नेऊन बघितलं. जुमानच्या बोटांना ते आठ आकडे आता न बघता टाकता येत होते, आणि जसजसे ते चुकत होते तसतसा तिला आतून एक विचित्र राग येत होता, आणि तो वडिलांवरचा नव्हता. एवढी तीन माणसं खोलीत बसलीत, एक फोनवर, आणि एकालाही त्या माणसाचा जन्म माहीत नाही. तिलाही नाही. पण ती हे बोलणार नव्हती. ती म्हणाली, "बास. उडवा."

"अजून दहा मिनिटं आहेत," आई म्हणाली.

"काय करायचीत दहा मिनिटं? बर्फ वितळला!"

"अम्तो, चिडू नकोस," नज्हा आत्या म्हणाली. "अम्तो, तूच सांग, ऑलिव्ह खरं वाटतं की नाही तुला? अम्तो, माझ्याकडं बघ—"

मग जुमानचा स्फोट झाला.

"अम्तो तुम्ही आहात! मी नाहीये अम्तो! सकाळपासून अम्तो, अम्तो, अम्तो! आणि यम्मा ही आहे, मी नाही यम्मा, मला कुठं पोरं झालीत! या घरात मला नाव ठेवलंय की नाही? जुमान! जु-मान! एक म्हणते अम्तो, एक म्हणते यम्मा, आणि एक होते ते जन्मभर मला—"

ती थांबली. तोंड उघडंच राहिलं.

कचेरीतनं आले की बूट काढायच्या आधीच दारातनं आवाज यायचा. बाबा, पाणी आण गं. बाबा, इकडं ये, हे बघ काय आणलंय. बाबा, जेवलीस का? बाबा, हे 'काफ' अक्षर तू काढलंस? शेपटी जरा लांब पाहिजे त्याची.

चौदा महिन्यांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आणि स्वतःला? स्वतःला तो माणूस कधीच बाबा म्हणाला नाही. वीजबिलाच्या पाठीवर, लोणच्याच्या बरणीवर, घराच्या दुसऱ्या किल्लीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर, सगळीकडं एकच: अबू रियाद. कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव घालायचं तर तो 'बाबा' कशाला घालेल?

"काय झालं हिला?" आत्यानं विचारलं. "उचकी लागली का?"

बाहेर असरची बांग सुरू झाली. अबू सुहैबनं पेला ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि दाराशी जाऊन बूट शोधायला लागला. "मग उडवून जाऊ?" त्यानं तिथनं विचारलं.

"थांबा!"

"अगं, दातांचा—"

"थांबा म्हणते ना!"

तिनं आठ आकडे टाकले. हे मात्र न बघता नाही, एकेक बघून, एका बोटानं. मग बटण दाबलं.

कॉम्प्युटर रुसला नाही. त्यानं एक गोल चक्कर मारली आणि म्हणाला, ये.

"उघडलं!" आई ओरडली. "कुठली तारीख? बर्फच ना?"

"माझी."

"तुझी म्हणजे?"

"नऊ एप्रिल. माझी. बाबाचा वाढदिवस म्हणजे माझा वाढदिवस. बाबा मी आहे."

कुणाला काही कळलं नाही. आधी अबू सुहैबला कळलं, आणि तो एका पायात बूट घालून तसाच आत आला. मग आईला कळलं. तिनं टेबलाची कड धरली. सगळ्यांत शेवटी आत्याला.

"म्हणजे हा बाबा... तू?"

"हो."

"अल्ला तिच्यावर द—" सवयीनं आत्याच्या तोंडून निघालं आणि मग तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. बिया मांडीवरनं खाली सांडल्या. "हाय हाय! थू थू थू! तू जिवंत आहेस की गं! शंभर वर्षं जग! दीडशे जग!"

आई हसायला लागली. आधी नाकातनं, मग पोटातनं. हसता हसता ती कोचावर बसली, नणंदेच्या खांद्यावर कपाळ टेकवलं, आणि मग दोघी हसत होत्या की काय करत होत्या ते कळेना. जुमाननं बघायचं टाळलं.

अबू सुहैब मात्र कामाचा माणूस. तो वाकून पडद्यावर कुठंकुठं जाऊन बघत होता. "हे बघ, पोरी," तो हळूच म्हणाला. "इथं सगळी नोंद असते. आधी या कॉम्प्युटरवर मसऊल एकच होता. अबू रियाद नावाचा. त्यानं एक दिवस 'बाबा' नावाचं खातं काढलं. त्याला मसऊल केलं. आणि मग, हे बघ, त्याच्यानंतर सात मिनिटांनी, स्वतःचं खातं उडवलं."

"स्वतःचं?"

"स्वतःचं. फायलींसकट. त्यानंतर तुम्हा सगळ्यांसारखा 'घर'मधनं यायचा. मसऊल नाही, काही नाही. आणि तेव्हापासून या 'बाबा'त कुणी आलेलंच नाही. तू पहिलीच."

"कधीची तारीख आहे?" जुमाननं विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

अबू सुहैबनं तारीख वाचली. दप्तर फ्रीजवर पडलं होतं, त्याच्या दुसरा दिवस.

कचेरीत बदली झाली की कारकून चार्ज देतो. किल्ल्या, शिक्के, रजिस्टरं टेबलावर मांडतो, सही करतो आणि टोपी घेऊन निघतो. गाजावाजा नसतो. त्या माणसानं तसा चार्ज दिला होता. फक्त घेणारीला कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं? महिन्याभरानं कधीतरी जेवताना त्यांनी विचारलं होतं, "काय बाबा, अजून उघडलं नाहीस?" आणि ती म्हणाली होती, "ज्यानं बंद केलं त्यानं उघडावं!" वडील हसले होते. पाव मोडून तिच्या पुढ्यात ठेवला होता. त्यांना वाटलं असेल, हिचा फणकारा उतरला की उघडेल. स्वतःचा वाढदिवस कुणाला माहीत नसतो?

"कपाट," आई डोळे पुसत म्हणाली. "कपाट बघ."

कपाटाचं नाव होतं 'खत्त'. म्हणजे अक्षर. आत तीनशे बारा फायली. अबू सुहैबनं एक उघडली, दुसरी उघडली. "फॉन्ट आहेत," तो म्हणाला. "निव्वळ फॉन्ट. कुठनं कुठनं गोळा केलेत! हा तर मी कुठं बघितलाच नाही." जाड, बारीक, तिरके, मशिदीच्या कमानीसारखे वळलेले, खरेदीखतासारखे एका रेषेत धावणारे. शुक्रवारी दुपारी तो माणूस कानाला रेडिओ लावून या कॉम्प्युटरपुढं तासन्‌तास बसायचा, आणि घरातल्यांना वाटायचं पत्ते खेळतोय. एकेक फाईल हुडकून तो आपल्या खात्यात साठवत होता. ज्या खात्यात स्वतःला जाता येत होतं, त्यात त्यानं कुलूप लावल्यावर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. मग फायली आत कधी गेल्या, ते जुमाननं विचारलं.

"त्याच सात मिनिटांत," अबू सुहैब म्हणाला. "स्वतःला उडवायच्या आधी सगळं इकडं हलवलं, वर कुलूप घातलं."

मग त्यानं घड्याळ बघितलं आणि त्याला ती तोंड उघडून बसलेली माणसं आठवली. "बरं, आता शेवटचं सांग. मी उडवायला आलो होतो. कुणालातरी उडवल्याशिवाय मी पैसे घेत नाही. कुणाला उडवू?"

"तुम्हाला," जुमान म्हणाली.

"आँ?"

"तो गुप्त कारभारी तुम्ही उठवलाय ना? आता या घरात मसऊल आहे. त्याला परत झोपवा."

अबू सुहैब मोठ्यानं हसला. "बापाच्या वर गेलीस! चल, तूच कर. मसऊल तू." त्यानं दाखवलं, तिनं केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, फायलींसकट का? "फायलींसकट," अबू सुहैब बूट बांधत म्हणाला. "माझं काही ठेवू नका. चहा तेवढा पोटात आहे, तो मी घेऊन चाललो."

तो गेला. आत्या खाली बसून बिया वेचत होती आणि अजूनही अधूनमधून म्हणत होती, ऑलिव्हच, ऑलिव्हच होता.

जुमाननं प्रोग्राम घातला. कॉम्प्युटरनं पुन्हा तेच विचारलं, मसऊलची परवानगी आहे का? तिनं 'हो' दाबलं. मग ती दीड तास कुणाशी बोलली नाही. तीनशे बारामधलं एकशे नव्वदावं अक्षर घेतलं, नवरीचं नाव त्यात बसवलं, नवऱ्याचं नाव त्याच्या शेजारी. एका 'काफ'ची शेपटी तिला आखूड वाटली, ती तिनं हातानं ओढून लांब केली. मगरिबच्या थोडं आधी पत्रिकेचा फोटो काढून हिकमतला पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर आलं. "हे अक्षर कुठून आणलंस? नवरीची आई इथंच बसलीये, रडतेय. खुशीनं. परवा आठ वाजता ये, उशीर चालणार नाही."

"उशीर चालणार नाही म्हणे," जुमान फोनकडं बघून पुटपुटली. "बघू कोण उशिरा येतं ते." पण चेहरा तिच्या ताब्यात राहिला नाही.

आई कधीची मागं येऊन उभी होती. ओल्या हातांनी, खुर्चीला हात न लावता. "झालं का काम?"

"झालं."

"यम्मा... त्या अक्षरात त्यांचं नाव येईल का?"

जुमाननं पत्रिका बाजूला केली, कोरं पान घेतलं आणि टाईप केलं. फव्वाज मिफ्लेह. मृत्यूच्या दाखल्यानंतर ते नाव कुणी कुठं लिहिलं नव्हतं. आईनं ओठ हलवत वाचलं.

"मोठं कर जरा," ती म्हणाली.

जुमाननं मोठं केलं.

"अजून."

अक्षरं पानभर झाली. जमिनीवरनं आत्याही उठून आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. बी तिच्या तोंडात होती, पण तिनं ती फोडली नाही.

"अजून मोठं होत नाही का?"

"होतं. पण मावणार नाही."

"होऊ दे," आई म्हणाली.

तिनं केलं. उजवीकडनं डावीकडं धावणाऱ्या त्या नावाचं शेवटचं अक्षर पडद्याच्या डाव्या कडेनं हळूहळू बाहेर गेलं.